तेल काढलेला डिंक

मी काम करते त्या कारखान्यात डिंकातून तेल काढतात. सालईच्या झाडाचा, धूप म्हणून जाळतात तो डिंक सातपुड्याकडून पोत्यांतून येतो. वर्षातून एखाद-दोनदा परदेशातला लोबान येतो, त्याचे दाणे फिकट आणि मोकळे असतात. आम्ही सात-आठ बायका गोणपाटावर बसून माल निवडतो. साल चिकटली असेल तर कात्रीने काढायची, काळे खडे वेगळे, पिवळे वेगळे. हाताला चिकटलेला डिंक पाण्याने जात नाही. घरी येताना खोबरेल चोळून हात पुसावे लागतात, तरी वास राहतोच.

तेल काढण्याच्या खोलीत एक केमिस्ट मॅडम होत्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या. एकदा माझं निवडणं बघून त्यांनी मला आत बोलावलं. पेल्यातल्या पाण्यात त्यांनी डिंकाचा खडा घोळला, पाणी दुधासारखं झालं. "हा त्यातला गोंद," त्या म्हणाल्या. दुसरा खडा स्पिरिटमध्ये टाकला. तो बराचसा विरघळला आणि थोडा गाळ तळाशी बसला. "विरघळली ती राळ. आणि तुमच्या हाताला येतो तो वास तेलाचा. डिंकात ह्या तीन गोष्टी असतात, ताई."

मग त्यांनी टाकी दाखवली. खालून वाफ सोडली की ती डिंकातून वर जाते आणि तेल सोबत घेऊन जाते. थंड पाण्यात बुडवलेल्या नळीतून वाफ गेली की तिचं परत पाणी होतं आणि तेल त्यावर तरंगतं. पहिल्या तासाचं आणि शेवटच्या तासाचं तेल त्यांनी मला हुंगायला दिलं. पहिलं उग्र, नाकाला झोंबणारं, टर्पेंटाइनसारखं. शेवटचं गोडसर, लाकडासारखं. "जे हलकं असतं ते आधी उडतं," मॅडम म्हणाल्या, "जड ते मागे राहतं." मी चौथीपर्यंत शिकलेले. एवढं कुणी समजावून सांगितल्याचं मला आठवत नव्हतं. घरी चहा उकळताना मी वाफेकडे बघत उभी राहायचे.

तेल निघून गेलं की टाकीत तपकिरी चोथा उरायचा. तो मागच्या शेडमध्ये पडून असायचा, बायका पिशवीत भरून डासांसाठी घरी न्यायच्या. मॅडमनी आम्हाला सांगितलं होतं, "बंद खोलीत जाळू नका हं. ह्यातलं उडणारं सगळं गेलंय. उरलंय ते उडत नाही, नुसतं जळतं. धूर जड होतो." आम्ही माना डोलावल्या. त्या गेल्यावर एक जण म्हणाली, "मॅडमच्या बंगल्याला जाळ्या असतील. आपल्याकडं डास काय निवेदन देऊन येतात का?" सगळ्या हसल्या. मीही हसले.

त्याच थंडीत माझी मुलगी बाळंतपणाला माझ्याकडे आली. मुलगी झाली. आमच्या कॉलनीत बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालायला एक आजी यायच्या, मूळच्या पेठकडच्या पण कॉलनीतच राहणाऱ्या. माझ्या मुलीलाही लहानपणी त्यांनीच न्हाऊ घातलं होतं. बाळाला तेल लावून, पाय ताणून, कढत पाण्याने न्हाऊ घातलं की धुरी द्यायची. शेगडीत निखारे, त्यावर ओवा, शेपा आणि धूप. वर बाळाला आडवं धरायचं म्हणजे टाळू आणि केस सुकतात, सर्दी होत नाही. दार-खिडक्या लावून घ्यायच्या, वारा लागू नये म्हणून.

दुकानातल्या धुपाची मला खात्री नव्हती. त्यात भुसा असतो, कोळशाची पूड असते, हे मला कामामुळे कळलेलं. माझ्याकडे चोथा होता. तो मी स्वतः निवडलेल्या डिंकाचा होता. आणि मी मनाशी असा हिशेब केला, की जे उग्र, जे नाकाला झोंबतं, ते तर वाफेबरोबर निघून गेलं. उरलं ते बाळाला सोसेल असं सौम्यच असणार. मॅडम म्हणाल्या होत्या ते मला आठवत होतं. पण त्यांचं लग्न झालेलं नव्हतं, त्यांना धुरीतलं काय कळणार, असं मला वाटलं.

पहिल्या दिवशी आजींनी चिमूट निखाऱ्यावर टाकली आणि नाक वर केलं. "हा कुठला ग धूप? वास नाय याला. नुसता धूरच लय."

"कारखान्यातला आहे. चांगला आहे," मी म्हटलं.

"तू म्हणती तर चांगला." त्यांनी आणखी एक चिमूट टाकली.

रोज सकाळी असंच चाललं. पंधराव्या-सोळाव्या दिवशी बाळ खोकायला लागलं. आजी म्हणाल्या थंडी लागली, म्हणून दोन दिवस धुरी वाढवली. त्यांच्या हातात चोथ्याचा डबा मीच दिला. तिसऱ्या दिवशी दूध पिताना बाळ दर घोटाला थांबायला लागलं. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत होता. ओठ जांभळट दिसले तशी मुलीने तिला शालीत गुंडाळलं. आम्ही रिक्षाने दवाखान्यात गेलो.

बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं. नाकाला नळी. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "धुरी देत होतात?" मुलीची सासू म्हणाली, "ती न्हाऊ घालणारी म्हातारी देत होती." डॉक्टर म्हणाले, एवढ्याशा छातीला कुठलाच धूर चालत नाही, आणि हा तर फार झाला. "काय जाळत होतात?"

सगळे माझ्याकडे वळले. घर माझं होतं. मी म्हटलं, "धूप."

एवढंच बोलले. खोटं नव्हतं, म्हणून जास्त सोपं गेलं.

जावई त्याच दिवशी आजींच्या दारात जाऊन बोलला. काय बोलला ते कॉलनीने ऐकलं. पुढच्या गल्लीत एक बाळंतीण होती, तिच्या घरच्यांनी दुसरी बाई लावली. मग आणखी एकीच्या घरच्यांनी. आजी कुणालाच काही म्हणाल्या नाहीत.

बाळ वाचलं. पण छातीचं दुखणं कायमचं मागे लागलं. थोडा गारठा पडला, कुणी फोडणी दिली, की तिच्या श्वासात शिट्टी वाजते. मुलगी तिला उभी धरून खांद्यावर घेऊन फिरायची. दर वेळी म्हणायची, "त्या म्हातारीचं कधी भलं होणार नाही." मी भांडी घासत असायचे, घासतच राहायचे.

पावसाळा संपता संपता मी आजींकडे गेले. खोलीत त्या लसूण सोलत बसल्या होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. टाकी, वाफ, चोथा, मॅडमनी बजावलेलं.

त्यांचे हात थांबले नाहीत. "मला काय कळलं नाय व्हय? चाळीस वर्सं धुरी देते. पहिल्याच दिशी कळलं, ह्यात जीव नाय."

"मग टाकलात कशाला?"

"तू म्हणाली ना चांगला." सालं बाजूला सारत म्हणाल्या, "टाकला तर मीच. दवाखान्यातून आल्यावर तू बोलशील वाटलं होतं. आता मला सांगून काय करती? मला म्हाईतच हाय. पोरीला सांग."

"सांगते."

"नाय सांगणार तू," त्या म्हणाल्या आणि पुढची पाकळी घेतली.

मी सांगितलं. सांगायला अजून तीन आठवडे लागले. मुलगी माझ्या घरी आलेली, बाळ माझ्या मांडीवर झोपलेलं. मी अर्धं बोलले तेव्हा ती ऐकत नाहीये असं वाटलं. मग तिने विचारलं, "तुला कुणी सांगितलं होतं का, जाळू नका म्हणून?"

"हो."

"धुरीच्या आधी?"

"आधी."

तिने पुढे येऊन बाळाच्या मानेखाली हात घातला आणि तिला उचलून घेतलं. बाळ जागं झालं नाही. नंतर आजींकडे जाऊन ती माफी मागून आली. आजींनी तिला चहा दिला म्हणे, पण कुणाकडे न्हाऊ घालायला जाणार नाही असं सांगितलं, हात आता थरथरतात म्हणून.

मुलगी अजून येते. माझ्याशी बोलते, जेवते, जाताना पाया पडते. बाळ मात्र मी बसले असेन तर ती खाली ठेवत नाही. आणि मी कारखान्यातून येऊन कितीही हात धुतलेले असले, तरी हात पुढे करत नाही.