कलमाला गजरा

आधी हातातला चहा खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. मी पॉडकास्टर होते, माहितीये? होते! दोन हजार सातमध्ये. तेव्हा अख्ख्या रत्नागिरीत हा शब्द मला आणि सायबर कॅफेवाल्याला, दोघांनाच माहीत असावा.

मी सांगलीची, नुकतीच लग्न होऊन इथे आलेली. वाचनालयातल्या झाडून सगळ्या प्रेमाच्या कादंबऱ्या वाचून संपल्या. मग त्यांच्याबद्दल घरच्या कॉम्प्युटरवर बोलायचं आणि इंटरनेटवर टाकायचं ठरवलं. नाव दिलं ‘प्रेमाचं कलम’. आमच्याकडे कलम म्हणजे लेखणी, नाहीतर पोलीस लावतात ते. इथे कलम म्हटलं की माणसाला फक्त हापूस दिसतो, हे मला कोण सांगणार?

आमचे हे म्हणाले, "अगं, पण ऐकणार कोण?"

"महिनाभरात एकही श्रोता आला नाही, तर बंद करीन!" मी बोलून बसले.

आणि एकोणतिसाव्या दिवशी मेल आला! पावसचे इब्राहिमभाई. कतारची नोकरी संपवून गावी आलेले. मेल मराठीत, पण अक्षरं इंग्रजी.

"ताई, दोन जीव बांधले तरी एकजीव व्हायला वेळ लागतो म्हणालात, ते पटलं. गुहागरहून आणून दोन वर्षं झाली. अजून जीव धरत नाही. रोज…"

पुढचा शब्द ‘सुकतंय’ की ‘सुकतेय’? इंग्रजी अक्षरांत दोन्ही सारखंच दिसतं की हो! मी वाचलं, ‘सुकतेय’.

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी. गुहागरची पोर, माहेरच्या आठवणीनं झुरतेय बिचारी!

पुढच्या भागात कादंबरी राहिली बाजूला. मी म्हटलं, "इब्राहिमभाई, रोज संध्याकाळी जवळ बसा. दोन गोड शब्द बोला. मोगऱ्याचा गजरा माळा. आणि एका जागी डांबून ठेवू नका, मांडवीला समुद्राच्या वाऱ्यावर न्या!"

पंधरा दिवसांनी दारात रिक्षा थांबली. साठीचे एक गृहस्थ उतरले. कडेवर कुंडी. कुंडीत आंब्याचं कलम, पार वाळलेलं. आणि त्याला गजरा!

"मी इब्राहिम. ताई, सांगितलात तसंच केलं. रोज रिक्षानं मांडवीला नेलं. खारा वारा लागला नि होती नव्हती ती पानं गळली."

"अहो, पण कलमाला गजरा?"

"मला पण नवल वाटलं. म्हटलं, नवीन शास्त्र असेल. मधे मधे ते नायक-नायिका कशाला आणता, तेवढं कळलं नाही."

आतल्या खोलीत आमचे हे उशीत तोंड खुपसून गदागदा हलत होते.

"आणि… वहिनी?"

"रुसून गुहागरला गेली ना! ती पण तिथलीच. म्हणाली, तीस वर्षांत मला कधी गजरा आणलात? आता झाडाशीच संसार करा!"

मला फार वाईट वाटलं. कादंबऱ्या वाचून मी एक खराखुरा संसार मोडायला काढला होता. पण गप्प बसेन तर मी कसली! लगेच सरसावले.

"काळजी करू नका, इब्राहिमभाई! मी सांगितलं ते सगळं आता वहिनींसाठी करा. जवळ बसा, गोड बोला, मांडवीला न्या…"

इब्राहिमभाईंनी एकदा कुंडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"नको ताई," ते म्हणाले. "ती मला जिवंत हवीय."