तेल लावलेला हात

आमच्या चिखले गावात समुद्राचा खारा वारा लोखंडाला सुखाने जगू देत नाही. नळाचे सांधे दर दोन-तीन वर्षांनी गळायला लागतात, आणि डहाणूहून प्लंबर आणायचा म्हणजे त्याच्या दहा मिनतवाऱ्या. म्हणून मी स्वतःच शिकलो. निदान लोकांना तसं सांगत आलो.

सांधे बुजवायच्या पुट्टीच्या पुडीत दोन वड्या असतात, एक काळी, एक पांढरट. सारख्या घेऊन रंग एक होईपर्यंत मळायच्या आणि गळक्या जागेवर दाबून बसवायच्या. तासा-दोन तासांत दगड. मळायचं काम बायकोचं. ती झरीची, नाचणीच्या भाकऱ्या थापत वाढलेली. मी शिडीवर, ती खाली. मी पाइप पुसायचा, काचपेपरने घासायचा आणि खाली हात करायचा. ती हातात मळलेली गोळी ठेवायची. रस्त्यावरून शिडीवरचा माणूस दिसतो. त्यामुळे गावात नाव झालं ते माझं, आणि मीही फारसे आढेवेढे घेतले नाहीत.

गेल्या वर्षी शेजाऱ्यांच्या मुलीचा साखरपुडा होता. आदल्या दिवशी सकाळी त्यांच्या टाकीखालचा सांधा गळू लागला. पाहुणे तलासरीहून यायचे होते आणि प्लंबर फोन उचलत नव्हता. शेजारी फाटकातूनच म्हणाले, "भाऊ, आता तुम्हीच काय ते बघा."

बायको ओट्यावर चिकू निवडत होती. ती हात पुसून उठायला लागली, तर मी म्हणालो, "तू कशाला? पाच मिनिटांचं काम आहे." शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणालो. ती पुन्हा खाली बसली.

तिथे चार माणसं बघायला उभी होती. मळताना पुट्टी बोटांना चिकटू लागली, तेव्हा फणस चिरताना आपण करतो तेच मी केलं. खोबरेल मागवलं आणि तळहातांना चोळलं. मग कशी छान मळली गेली. गोळी सांध्यावर दाबली, पाणी किती वेळ बंद ठेवायचं यावर दोन शब्दही ऐकवले. दुपारी कॉक उघडला आणि वाळलेली पुट्टी अख्खीच्या अख्खी सुटून माझ्या पायाशी पडली. कोणी हसलं नाही. मुलीची आई तेवढी म्हणाली, "उद्या पंगत उठल्यावर हात धुवायला पाणी कुठून आणू मी?"

मी घरी आलो. काही सांगायच्या आत बायकोने माझा हात नाकाशी नेला.

"तेल लावलंत?"

"चिकटत होती."

"चिकटायलाच तर हवी ना ती."

उरलेली पुडी घेऊन ती पुढे निघाली, मी मागून. तिने पाइप साबणाने धुतला, कोरडा केला, घासला. मळताना ती पुट्टीच्या रंगाकडे बघतही नव्हती. झाली हे तुला कळतं कसं, असं मी विचारलं. "हाताला ऊब लागते तिची," ती म्हणाली. "मग थांबायचं."

बारा वर्षं ती गोळी माझ्या हातात कोमट येत होती. मला वाटायचं, ती तिच्या हाताची ऊब असेल. कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

तिने गोळी स्वतःच दाबून बसवली. शेजाऱ्यांनी सवयीने माझ्याकडे वळून विचारलं, "भाऊ, आता टिकेल ना?"

"मला काय विचारता?" मी म्हणालो. "आमच्या घरचा एकेक सांधा हिच्या हातचा आहे. मी नुसता शिडीवर असतो."

बोलताना लाज वाटली, चांगलीच वाटली. तिने वर पाहिलं नाही. सांध्याभोवती ती अंगठा फिरवत राहिली.

संध्याकाळी कॉक उघडला. एक थेंबही आला नाही. मुलीच्या आईने बायकोचे दोन्ही हात धरून तिला आत चहाला नेलं. मी शिडी घेऊन बाहेर थांबलो.

घरी येताना ती म्हणाली, "एवढं सांगायला तेल लावावं लागलं तुम्हाला."

मी हसलो. ती हसत नव्हती.