हाललं का गं?

शेवटचं आम्ही दोघांनी काय केलं, तर सकाळी ओट्यावर बसून पावटा सोलला. सोलता सोलता माझ्या बायकोनं शेजारच्या गरोदर सुनेला विचारलं, "हाललं का गं?"

तिची रामराम करायची रीतच ती. तुमच्याकडच्या बाया जेवलीस का म्हणत असतील, ही हाललं का म्हणायची. पोटुशी बोहारीण दारात आली, की भांड्याचा भाव राहिला बाजूला. मी म्हणायचो, अगं, जरा लाज धर. "लाजेनं पोर जगतं का?" म्हणायची.

आमचं पोर नवव्या महिन्यात गप झालं होतं. तेव्हा मी ओझरच्या कारखान्यात नवा लागलेलो. आई म्हणाली, जागा अपुरी पडते, जन्माआधी पोर निजतं. सगळ्या बायांचं तेच म्हणणं. दवाखान्यात नेलं तोवर सगळं संपलेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शेवटी लाथा जाऊन वळवळ येईल, ढुशा येतील, पण हालणं कमी व्हायला नको. कमी वाटलं की तसंच उठून यायचं. पुढं आम्हाला मूल झालं नाही.

आळीतल्या सासवा तिला बघून सुनांच्या पोटावर पदर ओढायच्या. वांझेची नजर म्हणायच्या. मग ही लांब नळापाशी उभी राहून विचारायची. शिव्या खायची, पण विचारायची.

त्या सकाळी सून म्हणाली, लाथा नाहीत आता, नुसतं कूस बदलतं.

"बदलू दे. कमी वाटलं तर मला हाक मार."

दुपारी चहा ठेवताना बायको खाली बसली, ती उठली नाही. संध्याकाळी गोदेकाठी जाळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर पाव्हण्यांनी भरलेलं. सुपात अर्धा पावटा तसाच. मयताच्या घरी पोटुशीनं यायचं नसतं, म्हणून सून तिच्या दाराआड. माझ्या डोक्यात एकच, आता ती हाक कुणाला मारणार? बसवेना. उठलो, सुतकात त्यांच्या उंबऱ्याशी जाऊन उभा राहिलो.

"हाललं का गं, पोरी?"

सासूनं कपाळाला हात लावला. आतून आवाज आला, "कालपासून कमी आहे, बाबा."

"जागा अपुरी पडते हो, भाऊ," सासू म्हणाली.

सासूला म्हटलं, लुगडं बदला, सुनेला घेऊन दवाखान्यात जायचंय. आणि अनवाणीच नाक्यावर रिक्षा आणायला पळालो.