बिनतोंडाची पोरं

नामांतराचे दिवस होते. गावात नवा माणूस दिसला की तो कुणाकडचा, हे आम्ही आधी बघायचो. हा तर येलदरीच्या धरणाखाली, पूर्णेच्या काठी छत्री रोवून चित्र काढत बसायचा. एक डोळा मिटायचा, ब्रशनं रंगाचा ठिपका ठेवायचा, की मागं सरकून परत बघायचा. चित्राचं निमित्त करून आलेला खबऱ्याच असणार, असं मला वाटायचं.

समोर नदीत पोरं डुंबायची. आमची वरच्या अंगाला, त्यांत माझी पोरगीही; वस्तीतली खालच्या अंगाला. रिवाजच होता तसा.

एकदा मी त्याच्या मागं जाऊन उभा राहिलो. चित्रात नुसते ठिपके होते, पांढरे, पिवळे, जांभळे. सगळी पोरं एकाच पाण्यात कालवलेली, आणि एकालाही तोंड नव्हतं.

"तोंडं कामून न्हाई काढली? आमची कोन्ती, त्यांची कोन्ती, कसं कळावं?"

मान न वळवता तो म्हणाला, "उन्हात डोळे बारीक करून बघा. पाणी चमकतं तेव्हा तोंड कुणाचंच दिसत नाही."

"माणूस बरा न्हाई," मी सरपंचाच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी छत्री नव्हती.

छत्रीच्या जागेवर उभं राहून मी सहज डोळे बारीक केले. वरचं अंग, खालचं अंग एक झालं. माझी पोरगी दिसेना.

मी घाबरून डोळे उघडले, आणि तिला काठाशी हाक मारून पाण्यातून वर ओढून घेतलं.