उघड्या पाठीचा हेडफोन

शिवशंकर बाजेवर बसला आणि खाली काहीतरी कटकन मोडलं.

शिवशंकर बसायच्या आधी माणसांनी जागा पाहून घ्यावी, असा तेलगावात रिवाजच पडला होता. मंडप आणि साऊंडचा धंदा, दर लग्नातलं जेवण, आणि देह मुळातच ऐसपैस. त्याच्याखाली प्लॅस्टिकच्या कैक खुर्च्यांनी प्राण सोडले होते. पण त्या त्याच्याच मंडपातल्या असल्यामुळे बोभाटा झाला नव्हता. आज बाज होती सुंदररावांची, आणि बाजेवरच्या वाकळीच्या घडीत सुंदररावांचा हेडफोन होता.

"ऊठ," सुंदरराव म्हणाले.

तो उठला. वाकळ उलगडली तर डोक्यावरची पट्टी मधोमध तुटलेली, आणि एका बाजूची वाटी वायरीला लोंबत होती.

"दाजी, ही काय अंथरुणात ठेवायची वस्तू हाय का? मला वाटलं उशी हाय."

"उशी मोडत न्हाई."

शिवशंकर हसला. सुंदरराव हसले नाहीत. त्यांनी लोंबती वाटी हातानं कानाला लावली, मोबाइल चालू केला, क्षणभर ऐकलं आणि ती खाली ठेवली. मग आत, स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा पाहून घेतलं. ते पाहणं बघून शिवशंकरचं हसू जागच्या जागी वाळलं.

सुंदररावांची हयात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. खिडकीबाहेर उसाच्या गाड्यांची रांग, ड्रायव्हरांच्या शिव्या, ऊसतोड टोळीची घाई, बागायतदारांची आरडाओरड; आणि खिडकीच्या आत सुंदरराव. बाहेरच्यानं घसा कोरडा करावा आणि आतून एवढंच यावं, "गाडी मागं घ्या." नोकरी सुटली, सवय सुटली नाही. त्यांच्या लग्नात बायकांनी दार अडवून उखाण्याचा हट्ट धरला, तेव्हा ह्या गृहस्थानं यमक-बिमक न जुळवता "छबू" एवढंच म्हटलं आणि उंबरा ओलांडून आत गेले, असं अजून सांगतात.

छबुबाई शिवशंकरला राखी बांधायच्या. म्हणून त्या अक्का, सुंदरराव दाजी, आणि त्यांची एकुलती एक लेक संस्कृती ही भाची. सुंदरराव मनापासून बोलायचे ते एकट्या संस्कृतीशी. ती पुण्याला शिकायला होती तेव्हा तिचा फोन आला की हा माणूस घरापुढच्या वसरीवर येरझारा घालत इतका बोलायचा, की शेजारी विचारायचे, "आज काट्यात बिघाड झालाय का?"

मग संस्कृतीनं आपल्या मनानं लग्न ठरवलं आणि घरी येऊन सांगितलं. छबुबाईंनी अंगणात उभं राहून, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी आण घातली. "वैजनाथाची आण हाय. हिचा आवाज या घरात पुन्यांदा निघाला, तर मी अन्नपाणी सोडीन."

आण घालणाऱ्यानं ती सोडवायची कशी, हे आपल्याकडं गोट्या खेळणाऱ्या पोरांनाही ठाऊक असतं. ज्याला घातली त्याच्यासमोर "सुटली" म्हणायचं, की झालं. शिवशंकर सणासुदीला अक्काच्या मागं लागायचा.

"अक्का, सुटली म्हण की एकदा. एका शब्दाचं काम हाय."

"दिवाळीला बघू."

दिवाळी गेली. "संक्रांतीला बघू." संक्रांतही गेली. लेकीला तीळगूळ धाडायचं त्यांच्या मनात होतं. डबाही भरून ठेवला होता. तो डबा शिवशंकरनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता आणि त्यातला एक लाडू खाऊन बोलणीही खाल्ली होती.

त्यानंतर पुण्याहून फोन आला तो संस्कृतीच्या तापाचा. शिवशंकरनं पिकअपमधले स्पीकर रस्त्याच्या कडेला उतरवले आणि दोघांना बसवून गाडी हाणली. वाटभर छबुबाई एकच बोलत होत्या. "गेल्या गेल्या म्हणते मी. दारातूनच म्हणते. सुटली म्हणते."

ते पोचले तेव्हा म्हणायला समोर कुणी उरलं नव्हतं.

महिने गेल्यावर शिवशंकरनं धीर करून विचारलं होतं, "अक्का, आता तरी म्हण."

"कुणाला म्हणू, शिवा?"

आण तशीच राहिली. नाव कुणी काढत नव्हतं, फोटो कपाटात गेला, आणि सुंदरराव संध्याकाळी वसरीवर हेडफोन लावून बसायला लागले. भजन ऐकतेत, असं गावानं ठरवून टाकलं.

तो हेडफोन आता मोडून पडला होता, आणि सुंदरराव त्यांच्या मानानं फार लांबलचक बोलले.

"तिचं गाणं हाय. आईसंगं भाकरी करतानी म्हणलेलं. मीच मोबाइलात धरलं होतं. शेवटी काहीतरी बोलती. तव्याच्या आवाजात कळत न्हाई."

"आजवर कानाला लावून तेच ऐकत व्हता का तुमी?"

"घरात निघायला न्हाई पायजे. आण हाय."

शिवशंकरनं पट्टीचे दोन तुकडे उचलून एकमेकांना लावून पाहिले. मग म्हणाला, "दाजी, हे आता माझ्यावर सोडा."

शिवशंकरचा धंदा गडगडाटाचा. त्याचे स्पीकर लागले की मांडणीतली भांडी आपण होऊन खाली उतरायची. पण स्वतःच्या कानाला त्याला बारीक चव होती. वरात गावाबाहेर गेली, की हा गाडीत बसून मोबाइलवर हेडफोनांची परीक्षणं बघायचा. बघूनबघून त्याला असं ज्ञान झालं होतं की त्याचा उपयोग कुठं करावा हे कळत नव्हतं. आता कळलं.

"साध्या हेडफोनात काय असतं दाजी, एक चिमुकला भोंगा. मधनं धक्का बसतो अन् कडा मागनं हलतेत. प्लॅनर म्हणून दुसरी जात असती, तिचं तसं न्हाई. कांद्याचा पापुद्रा असतो ना, तसला पडदा. दोन्हीकडून लोहचुंबक. हलला की सगळाच्या सगळा हलतो. तवा येगळा, पोरगी येगळी. मिसळ होत न्हाई."

"तवा येगळा होतो?"

"म्हंजे काय."

"मग घेऊन ये."

पुण्याहून प्लॅनर आला. किंमत इथं सांगत नाही, छबुबाईंच्या कानावर ती अजून गेलेली नाही. सोबत जेवणाच्या डब्याएवढा एक ॲम्प्लिफायर आला. कारण हे मोठं जनावर मोबाइलच्या ताकदीवर नीट पळत नाही. वसरीवर एकच प्लग धड होता. तिथं डबा बसवला, मोबाइल त्याला जोडला आणि शिवशंकरनं स्वतःच्या हातानं तो अवजड हेडफोन दाजींच्या डोक्यावर चढवला. सुंदरराव हेलिकॉप्टर चालवायला निघाल्यासारखे दिसायला लागले.

दिवस मावळतीला होता. छबुबाई अंगणात खराटा मारत होत्या.

सुंदररावांनी डोळे मिटले. शिवशंकर त्यांच्या तोंडाकडं बघत होता, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखा. आणि मग त्याला ऐकू आलं.

हेडफोनाच्या पाठीवरच्या जाळीतून, बारीक पण स्वच्छ, संस्कृती गात होती.

"ओपन बॅक" हा शब्द त्यानं शंभर वेळा ऐकला होता. पाठ उघडी असते, आवाज मोकळा होतो, मैदानात उभं राहिल्यासारखं वाटतं. पण त्या परीक्षणांतला माणूस आपल्या खोलीत दार लावून एकटा बसलेला असायचा. तेलगावात कोण खोलीत एकटा बसतो? उघड्या पाठीतून निघालेला आवाज जातो कुठं, हा प्रश्न त्याला पडलाच नव्हता. आधी दाजींचा हेडफोन मोडला, आता अक्काची आण मोडली. एका माणसाला एवढं पुरे होतं.

खराटा थांबला होता.

तो प्लगकडं झेपावला. पण छबुबाई वसरीच्या पायरीशी येऊन पोचल्या होत्या. त्यांनी त्याच्या हाताकडं पाहिलं, मग त्याच्याकडं पाहिलं.

"शिवा, तुरीच्या शेंगा सोलायच्या राहिल्यात," त्या म्हणाल्या.

सूप घेऊन त्या आल्या आणि सुंदररावांच्या पाठीमागं, खांबाला टेकून बसल्या. सुंदररावांचे डोळे मिटलेलेच. जाळीतून गाणं येत होतं, मध्येच थांबलं. तवा वाजला. आणि तव्यापासून अगदी सुटा असा लेकीचा आवाज आला, "आई, पुढचं तू म्हण की." मग दुसरा एक आवाज, तरणा, हसरा, "मला न्हाई येत. तिकडं बघ, भाकर करपली." आणि दोघींचं हसणं.

"आईला म्हणत होती," सुंदरराव मोठ्यानं म्हणाले, कान झाकलेली माणसं बोलतात तसं. "पुढचं तू म्हण, म्हणत होती."

त्यांच्या पाठीमागं छबुबाई शेंगांवर वाकल्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते. पुढची ओळ होती ती. आवाज नव्हता.

शिवशंकर घरी गेला तो विचार करतच. दाजींना सांगावं, तर ते काट्यावरचे माणूस. आण म्हणजे आण. उद्याच पाठ बंद असलेला हेडफोन मागतील, आणि अक्काच्या हाती नुसत्या शेंगा राहतील. अक्काला विचारावं, तर तिला कबूल करावं लागेल की ऐकू येतंय, आणि मग अन्नपाणी सोडणं आलं. शिवाय आण होती ती घरात आवाज निघण्याची. हा तर हेडफोनात होता, जाळीतून थोडा सांडला एवढंच. वैजनाथ येवढं सांडलेलं मोजायला बसणार नाही, असं त्यानं परस्पर ठरवलं आणि तोंड मिटलं. शिवशंकरनं तोंड मिटणं ही काही लहान गोष्ट नव्हती. त्या दिवसांत तो जरा बारीक झाल्याचं लोक सांगत.

रोज दिवेलागणीला सुंदरराव हेडफोन लावायचे आणि छबुबाईंना काम निघायचं. शेंगा संपल्या, लसूण आला. लसूण संपला, गहू निवडायला आले. गहू निवडलेलेच होते, ते पुन्हा निवडले. "काकू साऱ्या आळीचा लसूण सोलतेत," असं शेजारणी म्हणायच्या, आणि खरंच आपापला लसूण आणून द्यायच्या. दोघं एकमेकांकडं पाठ करून बसलेली असायची, आणि मध्ये ती बारीक आवाजात गायची, थांबायची, आईला पुढचं म्हणायला सांगायची.

थंडी पडली आणि छबुबाईंचे गुडघे धरले. परळीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पट्टे दिले, उठबस कमी करा म्हणाले. चूल मागच्या पत्र्याच्या छपरात. सकाळी एकदा त्या तिथं बसल्या की दिवस तिथंच. ऊब असायची, आणि उठायचं म्हणजे कुणीतरी हात द्यायला लागायचा. वसरीवर येणं संपलं.

एका संध्याकाळी शिवशंकर गेला तेव्हा सुंदरराव हेडफोन लावून बसले होते. खांबाजवळची जागा रिकामी होती, सूप भिंतीला टेकवून ठेवलेलं. तो मागं गेला. छबुबाई विझत्या चुलीपुढं हात धरून बसल्या होत्या.

"शिवा, दाजी ऐकतेत का?"

"ऐकतेत, अक्का."

"हं," त्या म्हणाल्या, आणि चिमट्यानं राख सारखी करत राहिल्या. जरा वेळानं, त्याच्याकडं न बघता म्हणाल्या, "आता पुढचं म्हण म्हणली आसंल."

शिवशंकरला तिथं उभं राहवेना. तो वसरीवर आला, तर सुंदररावांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला होता.

"शिवा, तार बदलायची."

आता तारेचा विषय निघाला की शिवशंकरचं दुःख असो, उपास असो, तो उभारी धरायचाच. सोबत आलेली तार ही कंपनीनं नुसती द्यायची म्हणून दिलेली असते, खरी तार वेगळी घ्यायची असते, हे त्याचं केव्हापासूनचं मत होतं. त्यानं मोबाइल काढला आणि वेण्या घातलेल्या, चकचकीत तारांचे फोटो दाखवायला सुरुवात केली.

"हे बघा दाजी. ही निव्वळ तांब्याची. आवाज उबदार, गूळ घातल्यावानी. ही चांदीचा मुलामा दिलेली, हिच्यात बारीकसारीक खुलून येतं. काही जण म्हणतेत फरक कानात नसतो, खिशात असतो. त्यांच्या नादी लागायचं न्हाई. गाण्यातल्या बाईच्या आवाजाला माझ्या मतानं—"

"लांबी?"

"मीटरभर. दीड मीटर घ्या फार तर. तार जितकी आखूड तितकी बरी, शास्त्रच हाय ते."

सुंदररावांनी सदऱ्याच्या खिशातून सुतळीची गुंडी काढून त्याच्या हातावर ठेवली. "एवढी."

शिवशंकरनं सुतळी उलगडायला घेतली. ती उलगडतच गेली. तिचं एक टोक स्वच्छ होतं, दुसऱ्याला काजळी लागलेली.

"दाजी, येड लागलं का? एवढ्या लांबीची कुणी करत न्हाई, मुद्दाम करून घ्यावी लागंल. अन् आवाज पडतो त्यानं. डबा हितं, तुमी हितं. तार घेऊन काय गावात वरात काढायची हाय? कावून एवढी लांब?"

सुंदररावांनी हेडफोन पुन्हा डोक्यावर घेतला, आणि कान झाकायच्या आधी म्हणाले,

"चुलीपर्यंत पुरली पायजे."