सहा बोटांचा पंख

“डॉक्टरांना सांगायचंच कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची!” वहिनींनी पातेलं आदळलं.

“ही मूठ नऊ महिन्यांनी उघडतेच, वहिनी,” आत्या म्हणाली.

“वन्सं, तुमच्या अंड्यांची अक्कल माझ्या सुनेला लावू नका.”

सून भिंतीला टेकून बसली होती. शेजारी तिची धाकटी नणंद मुसमुसत होती. आपल्या मुरुमांच्या गोळ्या तिनं सुनेला खायला दिल्या होत्या. कुणाच्या तरी लग्नात चेहरा नितळ दिसावा म्हणून. गरोदरपणी या गोळ्या चालत नाहीत, हे डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. “पण माझं लग्नच झालेलं नाही ना! म्हणून डोक्यातनं गेलं,” ती पुन्हा पुन्हा सांगत होती. आणि सुनेला दिवस गेलेले होते, लग्नानंतर आठ वर्षांनी.

गोळ्यांचं नाव वाचून धोका ओळखला होता तो आत्यानंच. भावाच्या घरी राहणारी बिनलग्नाची बहीण. पगार घरात द्यायचा, ताट स्वतः घासायचं आणि दुसऱ्याच्या संसारात तोंड घालायचं नाही, एवढ्यावर तिचं आयुष्य निभावलं होतं. नोकरी प्रयोगशाळेत. उबवणीच्या अंड्याला कात्रीनं खिडकी पाडायची, आतल्या पिल्लाच्या पंखाला कोंब फुटला की त्यावर औषधात भिजवलेला मणी ठेवायचा आणि खिडकीला चिकटपट्टी लावायची. “आमची आत्या कोंबडीपेक्षा जास्त अंडी उबवते,” असं घरात हसायचे सगळे.

“त्या मण्यात असतं काय, आत्या?” सुनेनं विचारलं.

“तुझ्या गोळीच्याच जातीचं औषध. असला रेणू शरीरही बनवतं, पण मोजून. तो पेशीत आपल्या ठरलेल्या जागी जाऊन बसतो. मग पेशीला कळतं, आपण काय व्हायचं. लिगंड म्हणतात त्याला.”

“आणि जास्त झाला तर?”

“तीन बोटांच्या पंखाला सहा येतात. आरशात बघितल्यासारखी.”

सुनेचा हात पोटाकडे गेला. आत्याला राहवलं नाही. “काही पिल्लांना नीटही येतात गं. मणी उशिरा ठेवला, सरकला, तर.”

“ऐकलंस?” वहिनींनी तेवढंच उचललं. “नीट येतात! वन्संच म्हणतायत. संपला विषय. डॉक्टर काहीबाही सांगतील आणि आलेलं सुख घालवून बसाल.”

आत्या चपापली. इतकी वर्षं तोंड मिटून राहिलेली बाई, आज धीर द्यायला म्हणून बोलली, आणि तिचाच शब्द घेऊन वहिनी दार लावत होत्या. मणी किती मोठा, कधी ठेवला, हे तिला प्रयोगशाळेत ठाऊक असायचं. इथं कुणालाच काही ठाऊक नव्हतं. सून तिच्याकडेच बघत होती.

तेवढ्यात भाऊ आणि भाचा, सुनेचा नवरा, बाहेरून आले. चपला काढायच्या आधीच आत्या म्हणाली,

“उद्या मी रजा टाकतेय. हिला डॉक्टरांकडे नेतेय, गोळ्यांचं मी सांगणार. पुढचं ही ठरवेल. दुसरं कुणी नाही.”