न कापलेला केक

डेल्फिया स्टिल्टनरनं केंटकीच्या डोंगरातल्या एका वृद्धाश्रमात उभी हयात रांधण्यात घालवली. नवरा खाणीतल्या अपघातात गेला, पोरगा ओहायोत कामाला लागला तो तिकडचाच झाला. बाईला माणसं उरली ती आश्रमातली म्हातारी आणि चर्चमधल्या बायका. मग कूट्स नावाचा नवा मॅनेजर आला. त्यानं तिला कामावरून काढलं आणि चर्चच्या पायरीवर चारचौघांत म्हणाला, "म्हाताऱ्यांच्या ताटातलं हॅम घरी न्यायची."

साफ खोटं. पण त्या उन्हाळ्यात चर्चच्या अंगणातल्या जेवणाला तिनं नेलेला वाळक्या सफरचंदांचा थराथराचा केक जसाच्या तसा घरी आला. कुणी सुरी लावली नाही. तेव्हापासून तिनं दुकानातून हॅम, ते डुकराचं खारवलेलं मांस, घेणंच सोडलं; लोक तेही चोरीचंच म्हणतील.

तिचा वकील ट्रेंट तेव्हा म्हणाला होता, "आपल्या काउंटीच्या, जिल्ह्याच्या कोर्टात नको, मावशी. निकाल देणाऱ्या ज्यूरीत गावचीच माणसं, म्हणजे कूट्सचेच मेव्हणे-साडू यायचे. वय झालं म्हणून काढलं, हा दावा देशाच्या कायद्यातला, तो केंद्राच्या फेडरल कोर्टात लावू. बदनामीचा दावा राज्याचा, पण भानगड एकच, म्हणून तोही सोबत नेता येतो."

तिला नोकरी नकोच होती. चोरी केली नाही, एवढं परक्या माणसांसमोर सांगायचं होतं. साक्षीसाठी नवे बूटही घेऊन ठेवले.

वर्षभरानं वयाचा दावा फेटाळला गेला.

"अन् चोरीचं काय म्हणाले जजसाहेब?"

"काहीच नाही. मुख्य दावाच उरला नाही, तर राज्याचा दावा आम्ही ठेवत नाही, म्हणाले. तो आता काउंटीत लावायचा, महिन्याच्या आत. नाहीतर संपलं."

"म्हणजे मला कुणी विचारलंच नाही?"

ट्रेंटनं फाइल मिटली. "सोडून दिलंत तरी कुणी नावं ठेवणार नाही, मावशी."

"ठेवायची ती ठेवून झालीत, बाबा."

काउंटीच्या कोर्टात कागद तिनं स्वतः नेले, नवे बूट घालून. कागद घेणाऱ्या खिडकीत कारकून लर्लीन होती. चर्चच्या गाण्यात वर्षानुवर्षं तिच्या शेजारी उभी राहणारी. वाचता वाचता लर्लीनचे कान तापले.

"डेल्फिया, हे सगळी काउंटी वाचेल गं."

"कूट्सचं म्हणणं काउंटीला पाठ आहे. माझी बाजू तेवढी कुणी ऐकली नाही."

"ज्यूरीत आपलीच माणसं येतील."

"येऊ देत. केकाला वळसा घालून गेले. तिथं बसून ऐकावं लागेल."

लर्लीननं शिक्का मारला. वर पाहिलं नाही.

परतताना डेल्फिया दुकानात शिरली. "हॅम दे. जाड काप," ती म्हणाली, मागच्या रांगेला ऐकू जाईल अशी.

घरी तिनं एकच ताट मांडलं आणि बूट न काढताच जेवायला बसली.